पुढच्या दाराला दोरी, मागचं दार उघडं : मळ्यातल्या वस्तीवरच्या जबरी चोरीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण तपासाच्या कागदांवरून आणि तपासात असलेल्या दोघांशी झालेल्या बोलण्यावरून लिहिलं आहे. गाव, नाती आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पोलीस भरतीतून नुकतेच ठाण्यात आलेले शिपाई, फौजदारी कोर्टात उभं राहू लागलेले कनिष्ठ वकील आणि गावोगावचे पोलीस पाटील यांना डोळ्यांसमोर ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

कृष्णाकाठच्या एका तालुक्यात गावापासून दीड-दोन किलोमीटरवर ही वस्ती आहे. चार घरं, चारही भावकीची. नवे फौजदारी कायदे 1 जुलै 2024 रोजी लागू झाले, त्यानंतरच्या पहिल्याच गळीत हंगामात ही घटना घडली. त्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रीची होती, म्हणून मुलगा उसाला पाणी द्यायला गेला होता. सून लेकरांना घेऊन माहेरी गेली होती. घरात सत्तरी ओलांडलेल्या आजी एकट्याच होत्या.

पहाटे साडेतीनच्या सुमारास मुलगा परतला तेव्हा आजी माजघरात पडलेल्या होत्या. डोक्याला खोक पडली होती, शुद्ध येऊन-जाऊन होती. लोखंडी कपाट उघडं आणि आतला लॉकर उचकटलेला. बोरमाळ, पाटल्या आणि ऊसबिलातली रोकड गेली होती. त्याने हाक मारली आणि चारही घरं धावली. एकीने आजींना पाणी पाजलं, दुसरीने फडक्याने रक्त पुसलं. तिसरीने जमिनीवर विस्कटलेली लुगडी गोळा करून, घड्या घालून पलंगावर ठेवली. चुलतभावाने बोलेरो काढली आणि आजींना ग्रामीण रुग्णालयात नेलं. दरम्यान कोणीतरी 112 ला फोन केला.

या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. जखमी माणूस आधी, पुरावा नंतर, हा क्रम पोलिसांनाही असाच शिकवतात. घरात म्हातारं माणूस रक्तबंबाळ पडलेलं असताना फरशीला हात लावू नका, असं कोणी कोणाला सांगायचं?

पोलीस पोचले तेव्हा

चाळीसेक मिनिटांत दोघे आले. एक वीस वर्षं नोकरी झालेले हवालदार, दुसरी नोकरीचं दुसरंच वर्ष असलेली महिला शिपाई. हवालदारांनी आत जमलेल्यांना ओट्यावर काढलं, बैलगाडीचा सोल मागवला आणि पुढच्या सोप्याच्या दोन खांबांना आडवा बांधला. आता आत कोणी जायचं नाही, असं बजावून ते स्वतः दारात उभे राहिले. इथपर्यंत सगळं नियमाने झालं.

घराचं मागचं दार मात्र थेट गोठ्यात उघडत होतं. गोठ्यात तीन गाई आणि एक म्हैस. दूध संस्थेचा काटा सकाळी साडेसहाला बंद होतो आणि धार चुकली की जनावराला त्रास होतो, हे तिथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पाचच्या सुमाराला चुलत घरातल्या पोराने विचारलं, “दादा, धारा काढू का?” हवालदारांनी सांगितलं, “मागनं जा, पुढनं नको.”

पोराने धारा काढल्या आणि रोजच्यासारखी शेणघाणही काढली. गव्हाणीच्या पलीकडे भिंतीलगत कडब्याच्या पेंढ्या दबलेल्या होत्या. तिथेच तंबाखूची पिचकारी आणि बिडीची थोटकं पडली होती. रात्री कोणी राखणीला बसलं असेल असं त्याला वाटलं. सगळं शेणाबरोबर घमेल्यात भरून त्याने उकिरड्यावर नेऊन टाकलं. हे त्याने दुपारी, विचारल्यावर, सहज सांगितलं.

इकडे पहाटेच महिला शिपाई टॉर्च घेऊन घराला वळसा घालून मागे गेली होती. गोठ्यातून न जाता बाहेरून, उसाच्या कडेने. पाण्याच्या पाटाजवळच्या ओल्या मातीत तिला बुटाचा एक ठसा दिसला, टाच खोल रुतलेली. माणसं आणि जनावरं थोड्याच वेळात तिथून जाणार हे तिच्या लक्षात आलं. तिने तीन विटा ठेवून त्यावर घमेलं पालथं घातलं, म्हणजे ठशाला घमेल्याचा स्पर्श होणार नाही. मग आत कोणकोण जाऊन आलं ते ओट्यावरच्या बायकांना विचारून डायरीत नावं लिहिली. अकरा नावं झाली. कोण कुठपर्यंत गेलं आणि कशाला हात लावला, हेही पुढे लिहिलं.

अडचण नेमकी काय होती

घटनास्थळ किती मोठं, हे पहिल्या तासात ठरवावं लागतं, आणि नेमकं त्याच तासात काय घडलं ते कोणालाच माहीत नसतं. हवालदारांनी घटनास्थळ म्हणजे कपाट असलेलं घर असं धरलं. त्यांच्या मनात चोरीचं चित्र होतं आणि चोरी घरात झाली होती. चोर कुठून आला, कुठे दबा धरून बसला, कुठून पळाला ही जागाही घटनास्थळातच येते. या प्रकरणात ती जागा गोठा आणि पाट होती.

हद्द आधी मोठी धरावी आणि मग आवळत आणावी. उलटं जमत नाही. सकाळी साडेआठला सहायक पोलीस निरीक्षक पोचले आणि त्यांनी गोठा हद्दीत घेतला, तोवर उकिरड्यावरची थोटकं कामातून गेली होती. थोटकाच्या टोकाला लागलेल्या थुंकीतून डीएनए मिळू शकतो. पण ते शेणात कालवल्यावर आणि पोराच्या हातून गेल्यावर, सापडलं तरी ते त्याच जागी पडलं होतं हे न्यायालयात सांगणार कोण?

समोरचे पर्याय

पहिला निर्णय पंचनामा लगेच सुरू करायचा की थांबायचं हा होता. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 309(6) खाली, म्हणजे जबरी चोरी करताना दुखापत. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी किंवा जन्मठेप. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यावं अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) मध्ये आहे. ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. तज्ज्ञांचं पथक आणि श्वानपथक जिल्ह्याच्या ठिकाणाहून यायचं होतं. पंच म्हणून शेजारचेच दोघे लगेच मिळत होते, पण ते भावकीतले. सहायक निरीक्षकांनी थांबायचं ठरवलं आणि तलाठी व कृषी सहाय्यक यांना बोलावून घेतलं. दोन तास गेले. गावात कुरकुर झाली, पोलीस नुसते बसलेत म्हणून. माझ्या मते ही दिरंगाई पुढे पुरेपूर वसूल झाली, ते खाली येईलच.

दुसरा निर्णय जास्त नाजूक होता. वस्तीपासून हाकेच्या अंतरावर ऊसतोड टोळीच्या खोप्या होत्या. सकाळी आठ वाजेपर्यंत गावाचा निकाल लागलेला होता : टोळीतलंच कोणीतरी. त्यात श्वानाने गोठ्यातून पाटाच्या कडेने वास काढला, रस्त्यावर आला आणि खोप्यांच्या अलीकडे थांबला. जमावाला एवढं पुरलं. तीन तरुणांना ताब्यात घ्या, असा आग्रह सुरू झाला.

श्वान माग दाखवतो, साक्ष देत नाही. त्याची उलटतपासणी घेता येत नाही. श्वानाच्या मागावर किती भिस्त ठेवायची याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने अब्दुल रझाक मुर्तुझा दफादार विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात सावधगिरीचा सूर लावला, त्याला अर्धशतक उलटून गेलं. शिवाय त्या वस्तीवरून डांबरी रस्त्याला लागायला खोप्यांच्या बाजूचीच एक वाट होती. श्वान तिथे थांबला याचा अर्थ तिथे गाडी उभी होती, असाही निघत होता.

सहायक निरीक्षकांनी कोणालाच उचललं नाही. मुकादमाला बोलावून रात्री कोण कुठे होतं ते विचारलं. ज्या तिघांवर बोट होतं ते उसाच्या ट्रॉलीबरोबर कारखान्यावर गेले होते. वजनकाट्याची पावती मागवली. ट्रॅक्टरचा नंबर, वजन आणि वेळ पहाटेचे 2:40. पावतीवरून फक्त वाहन सिद्ध होतं, माणसं नाहीत. म्हणून कारखान्याच्या गेटवरचं चित्रीकरण पाहिलं. तिघेही ट्रॉलीवर दिसत होते. कागदोपत्री पुराव्याबद्दल बोलताना आपण नेहमी खोटे दस्त आणि बनावट सह्या आठवतो. इथे काट्याच्या एका पावतीमुळे तीन कुटुंबांचा हंगाम वाचला.

तपास कसा पुढे गेला

आजींना रुग्णालयात नेत होते तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या, “आवाज त्या मोटार काढायला आलेल्या पोरासारखा वाटला.” शेजारणीने हे महिला शिपायाला सांगितलं. आता हा पुरावा कोणत्या जातीचा? आजींनी स्वतः साक्षीत सांगितलं तर तो प्रत्यक्ष पुरावा, कारण आवाज त्यांनी स्वतः ऐकला. शेजारीण सांगू लागली तर ऐकीव. तोंडी पुरावा प्रत्यक्षच असावा, असं भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 55 सांगतं. पण ऐकीव गोष्ट न्यायालयात सहसा चालत नाही म्हणजे तपासातही चालत नाही, असं नव्हे. तपासाला दिशा तिनेच दिली.

पंधरवड्यापूर्वी बोअरची मोटार वर काढायला तिघेजण आले होते. मजुरी देताना आजींनी त्यांच्यासमोरच कपाट उघडलं होतं. त्यातला मदतनीस घटनेच्या दिवसापासून कामावर आला नव्हता, असं दुकानमालकाने सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो आणि त्याचा मित्र सापडले.

इथे ठशांचा मुद्दा येतो, आणि माझ्या दृष्टीने प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच. ठसेतज्ज्ञांना घरात चार ठिकाणी बोटांचे ठसे मिळाले होते : पुढच्या दाराची कडी, माजघरातला तांब्या, कपाटाचं हँडल आणि लॉकरमधल्या पत्र्याच्या ट्रेची आतली बाजू. डायरीतल्या अकरा जणांचे आणि घरच्यांचे ठसे घेऊन ताडून पाहिले. कडी आणि हँडलवरचे घरातले आणि शेजारचे निघाले. तांब्यावरचा आणि ट्रेवरचा मदतनिसाशी जुळला. तांब्या कामाचा नव्हता. तो माणूस पंधरा दिवसांपूर्वी त्या घरी पाणी प्यायला होता, हे बचाव पक्ष पहिल्याच प्रश्नात काढणार होता. लॉकरच्या ट्रेच्या आत त्याचा अंगठा जायला मात्र कोणतंही सरळ कारण नव्हतं. ठसा कोणाचा, याइतकंच तो कुठे, हे महत्त्वाचं असतं. म्हणून पंचनाम्यात ‘कपाटावर ठसा मिळाला’ एवढं लिहून भागत नाही. आतली बाजू, डावा कोपरा, कडेपासून किती अंतरावर, हे लिहावं लागतं. इथे लिहिलेलं होतं, त्याचं मोजमाप पट्टीसह छायाचित्रही होतं.

घमेल्याखालचा ठसा प्लास्टर ऑफ पॅरिसने उचलला. आरोपीकडे मिळालेल्या बुटाच्या टाचेला आडवा चिरा होता, तो साच्यातही दिसला. बुटाचा नमुना जुळला असता तर त्याला फार किंमत नव्हती, तसले बूट बाजारात हजारो असतात. चिरा फक्त त्या बुटाचा होता.

सीसीटीव्हीच्या बाबतीत सुरुवात चुकीच्या दिशेने झाली. दूध संस्थेच्या चौकातल्या कॅमेऱ्यात एक मोटारसायकल दिसत होती. कोणीतरी पडद्याचं मोबाइलवर चित्रीकरण केलं आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं. तपासाला ते ठीक, न्यायालयात त्याला टेकू नव्हता. इलेक्ट्रॉनिक नोंदीची नक्कल पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र लागतंच, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात पक्कं केलं. जालन्याच्या निवडणुकीचा तो वाद होता. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ताडायची अंकाक्षरांची खूण, नोंदवावं लागतं. सहायक निरीक्षकांनी पंचांसमक्ष डीव्हीआरमधून, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्रातून, नव्याने नक्कल घेतली, हॅश काढला आणि दोन्ही भाग भरून घेतले.

त्याच वेळी महिला शिपायाने एक साधी गोष्ट केली. डीव्हीआरचं घड्याळ आणि आपल्या मोबाइलवरची वेळ शेजारी धरून फोटो काढला. डीव्हीआर अकरा मिनिटं पुढे होता. खटल्यात बचाव पक्षाने मांडलं की कॅमेऱ्यात गाडी 3:05 ला चौकात दिसते, तर आरोपीने त्याच्या आदल्या मिनिटाला आठ-नऊ किलोमीटरवरच्या पेट्रोल पंपावर यूपीआयने पैसे दिलेत, मग एक माणूस दोन ठिकाणी कसा? अकरा मिनिटं वजा केल्यावर गाडी चौकात 2:54 ला होती आणि पंपावर दहा मिनिटांनी. बचावाचा मुद्दा सरकार पक्षाच्या कामी आला.

बोरमाळ एका पडक्या विहिरीजवळच्या स्टार्टरच्या पेटीत मिळाली. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा होत नाही. पण आरोपीने सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर त्याच्या बोलण्यातला त्या शोधापुरता भाग ग्राह्य धरला जातो. हे जुन्या पुरावा कायद्याचं कलम 27, आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 चं परंतुक, म्हणजे त्या कलमातला अपवाद. ठाण्यात निवेदन पंचनामा झाला, म्हणजे आरोपीचं सांगणं पंचांसमोर लिहून घेतलं, मग तेच दोन पंच जागेवर गेले आणि सगळ्याचं चित्रीकरण झालं. पाटल्या शेवटपर्यंत मिळाल्या नाहीत.

निकाल

मदतनिसाला शिक्षा झाली. चेहरा पाहणारा साक्षीदार एकही नव्हता. आजी न्यायालयात म्हणाल्या की अंधार होता, तोंड दिसलं नाही, आवाजाचा भास झाला. त्यांनी ओढूनताणून ओळख पटवली नाही, याने त्यांच्या उरलेल्या साक्षीचं वजन वाढलं असं मला वाटतं. खटला परिस्थितीजन्य पुराव्यावर उभा होता. अशा खटल्याच्या पाच कसोट्या शरद बिरधीचंद सारडा प्रकरणात 1984 मध्ये ठरल्या. त्यांचा गाभा असा की साखळी पूर्ण हवी आणि आरोपी निर्दोष असण्याची वाजवी शक्यता उरता कामा नये. ट्रेवरचा ठसा, टाचेचा चिरा, गाडीची वेळ आणि बोरमाळ या चार कड्या एकमेकींत अडकल्या. कृषी सहाय्यकाला उलटतपासात दीड तास उभं केलं. पेटी कोणत्या तोंडाची होती, माळ कशात गुंडाळली होती, कोण कुठे उभं होतं, त्याने सगळं सांगितलं. भावकीतला पंच असता तर हीच उत्तरं ‘घरचा माणूस’ म्हणून निम्म्या किमतीची ठरली असती.

मित्र सुटला. त्याच्याविरुद्ध मुख्य वस्तू म्हणजे डाग असलेला शर्ट. तो त्याच्या घरी बादलीत, ओलसर अवस्थेत सापडला आणि जप्त करणाऱ्या अंमलदाराने प्लास्टिकच्या पिशवीत भरून सील केला. मुद्देमाल कारकुनाकडे तो आठवडाभर पडून होता. प्रयोगशाळेत उघडला तेव्हा बुरशी आलेली होती आणि डागांवरून काही निष्पन्न झालं नाही. त्यावर कडी म्हणजे जप्ती पंचनाम्यातला सीलचा ठसा आणि प्रयोगशाळेच्या पोचपावतीवरचं वर्णन जुळेना. त्याच्याविरुद्ध उरला तो मदतनिसाचा जबाब आणि मित्राच्या स्वतःच्या नावावरची मोटारसायकल. संशयाचा फायदा द्यावाच लागला.

काय वेगळं करता आलं असतं

गोठ्याच्या बाबतीत हवालदारांची अडचण खरी होती, जनावरं उपाशी-तापाशी ठेवता येत नाहीत. गाई सोडून वस्तीच्या पुढच्या बाजूला, चिंचेखाली बांधून तिथेच धारा काढता आल्या असत्या. पोराबरोबर शिपाई आत गेली असती, त्याने एकाच वाटेने जनावरं बाहेर आणली असती आणि झाडू, घमेलं दोन्ही दुपारपर्यंत बाजूला राहिलं असतं. ‘मागनं जा’ हे उत्तर माणसाला दयाळू वाटतं, पण त्यात मागची बाजू मोकळी सोडली गेली.

दोनच माणसं असतील तर एकाने दारात आणि दुसऱ्याने पहिल्या दहा मिनिटांत घराला पूर्ण वळसा घालावा, भिंतीपासून लांबून. इथे हा वळसा शिपायाने स्वतःच्या डोक्याने घातला, कोणी सांगितलं नव्हतं. पुसलेलं रक्ताचं फडकं आणि घड्या घातलेली लुगडी कोणीच जप्त केली नाहीत. बायकांनी हात लावल्यामुळे ती निरुपयोगी झाली असं सगळ्यांनी गृहीत धरलं. निदान ती कुठे पडली होती ते त्या बाईकडून जबाबात घ्यायला हवं होतं. लॉकर उचकटण्याआधी काय काय धुंडाळलं गेलं, हे त्यातून कळलं असतं.

शर्टाची गोष्ट सगळ्यात स्वस्तात टळली असती. ओला कपडा सावलीत, स्वच्छ कागदावर, माणसाच्या देखत वाळवायचा, घड्यांमध्ये कागद घालायचा, कागदी पाकिटात भरायचा आणि लाखेचं सील लावून त्या सीलचा नमुना वेगळ्या कागदावर जोडायचा. तोच नमुना मुद्देमाल रजिस्टरात, तोच प्रयोगशाळेच्या पत्रावर. यातलं काहीही महाग नाही. त्या ठाण्यात तेव्हा मोठी कागदी पाकिटं नव्हती आणि अंमलदाराने हाताला लागली ती पिशवी घेतली, एवढंच.

मित्राच्या सुटकेवर अपील करावं का, याबद्दल सरकारी वकिलांचं मत मागवलं गेलं. शर्टाबाबत वरच्या न्यायालयात नवं काही सांगण्यासारखं नाही, असा अभिप्राय आला आणि अपील झालं नाही.